ओरल म्यूकोसा कसा शिकावा: बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतून दरवर्षी काही मुलंमुली बी.डी.एस.ला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला, लागतात. कुणी सुदामा नगर, लोकमान्य नगरातून रोज ये-जा करतं, कुणी देवास-धारहून येऊन खोली घेतं. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि वर्गात पहिल्या दिवसापासून इंग्रजी संज्ञांचा मारा. दातांचे धडे त्यातल्या त्यात बरे जातात, कारण दात हातात धरता येतो, मेणात कोरता येतो. घोडं अडतं ते ओरल म्यूकोसापाशी, म्हणजे ओठांच्या आतल्या बाजूपासून घशापर्यंत तोंडाला जे मऊ, ओलं आवरण आहे त्याच्यापाशी. मायक्रोस्कोपखाली स्लाइड कुठलीही लावा, वर जांभळं आणि खाली गुलाबी. मग मुलं तक्ते पाठ करतात आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच तक्ते एकमेकांत मिसळतात.

पुस्तकात हा धडा पेशींच्या थरांपासून सुरू होतो आणि तोंडातली प्रत्यक्ष जागा शेवटी येते. शिकताना हा क्रम उलटा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. आधी स्वतःचं तोंड, मग स्लाइड, आणि थरांची नावं त्यानंतर. मी इंदूरलाच शिकले आणि पुढे ज्युनिअर मुलांना हा धडा याच क्रमाने समजावत आले. ज्यांनी आधी आरशात पाहिलं त्यांना स्लाइड ओळखू येते. खाली सगळं पायरीपायरीने देते आहे.

१. आधी सामान जमवा

- हातात धरायचा लहान आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. माउथ मिरर मिळाला असेल तर उत्तमच, पण त्यासाठी थांबू नका.
- गॉझचे चार-पाच तुकडे. नसतील तर स्वच्छ टिश्यू पेपर.
- खाण्याचा निळा रंग, अगदी थेंबभर. केक-आइसिंगचं सामान मिळतं तिथे मिळतो.
- रेकॉर्ड बुक, एच.बी. पेन्सिल, खोडरबर आणि एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, स्लाइड रंगवायचे दोन रंग) पेन्सिलींची जोडी: एक गुलाबी, एक जांभळी.
- जेवल्यावर लगेच बसू नका. चहा पिऊन आलात तर जिभेचा रंग फसवतो. चूळ भरा, दहा मिनिटं जाऊ द्या. हात साबणाने धुतलेले हवेत.

२. प्रकार पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारा

तोंडातल्या कुठल्याही जागेवर बोट ठेवा आणि विचारा: चावताना इथे घास घासला जातो का? बोलताना, गिळताना, तोंड उघडताना इथे ताण पडतो का? बहुतेक सगळी रचना या दोन उत्तरांतून निघते.

जिथे घास घासला जातो तिथलं आवरण कडक आणि हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. हिरड्या आणि टाळूचा पुढचा कडक भाग त्यात येतात. हा मॅस्टिकेटरी म्यूकोसा, तोंडाच्या आवरणाचा साधारण २५ टक्के भाग. जिथे ताण पडतो तिथलं आवरण मऊ, लवचीक, हलणारं: ओठांची आणि गालांची आतली बाजू, जिभेखालचा भाग, तोंडाचा तळ, मऊ टाळू. हा लायनिंग म्यूकोसा, जवळपास ६० टक्के. उरलेले १५ टक्के म्हणजे जिभेचा वरचा पृष्ठभाग. तो घासही झेलतो आणि चवही घेतो, म्हणून त्याला स्पेशलाइज्ड म्यूकोसा म्हणून वेगळं काढलं आहे.

याच दोन प्रश्नांवर केराटिनचं, म्हणजे नखांत-केसांत असतं त्या टणक प्रथिनाचं, गणित बसतं. घासलं जाणारं आवरण वरून केराटिनने मढलेलं असतं. ताणलं जाणारं आवरण बिनकेराटिनचं असतं, कारण केराटिनचा ताठ थर गाल फुगवताना आडवा आला असता.

३. आरशासमोर फेरी मारा

ही पायरी घाईने उरकू नका. अर्धा तास तरी द्या.

खालचा ओठ. ओठ बाहेर उलटवा आणि आतली बाजू गॉझने टिपून कोरडी करा. आता तसाच धरून साधारण मिनिटभर उजेडात बघत राहा. कोरड्या केलेल्या भागावर एकेक करून बारीक पारदर्शक थेंब उगवायला लागतात. प्रत्येक थेंबाखाली एका लहानशा लाळग्रंथीचं तोंड आहे. हे थेंब एकदा डोळ्यांनी पाहिले की ओठाच्या स्लाइडमध्ये खाली दिसणारे ग्रंथींचे घोस कधी विसरत नाहीत.

मग ओठाचा लाल भाग बघा, जिथे लिपस्टिक लागते. तो व्हर्मिलियन झोन. तिथे केराटिन आहे, पण आवरण पातळ आहे आणि खालच्या संयोजी ऊतीचे (आवरणाला आधार देणाऱ्या तंतुमय थराचे) उंचवटे रक्तवाहिन्या घेऊन पृष्ठभागाच्या फार जवळ येतात, म्हणून लाल दिसतो. तिथे लाळग्रंथी नाहीत. इंदूरच्या उन्हाळ्यात लू लागली की सगळ्यात आधी तोच का फुटतो, याचं उत्तर इथे आहे.

गाल. गाल बाहेर ओढून वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर बघा. तिथे एक लहान उंचवटा दिसेल, कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. दात जिथे मिटतात त्या पातळीवर गालात एक पांढुरकी आडवी रेघ असते, लिनिया अल्बा. गालात किंवा ओठात पिवळसर बारीक कण दिसले तर घाबरू नका, ते फोर्डाइस स्पॉट्स, म्हणजे त्वचेतल्या तैलग्रंथी इथे आलेल्या. बहुतेक मोठ्या माणसांत त्या सापडतात. दरवर्षी एखादा विद्यार्थी पहिल्यांदा हे कण बघून हबकतो आणि रात्रभर मोबाइलवर शोधत बसतो.

हिरडी. आता वरचा ओठ वर उचला आणि समोरच्या दातांच्या मुळांकडे बघा. दाताला लागून फिकट गुलाबी, न हलणारी हिरडी. तिच्या वर अचानक गडद लाल, पातळ, आतल्या शिरा दिसतील असं आवरण. दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे म्यूकोजिंजायव्हल जंक्शन. ओठ वर-खाली ओढा. लाल भाग हलतो, रेषेपाशी येऊन थांबतो, गुलाबी हिरडी जागची हलत नाही. मॅस्टिकेटरी आणि लायनिंग यांच्यातला फरक एका नजरेत दाखवणारी याच्याइतकी चांगली जागा तोंडात नाही. टाळूच्या बाजूला मात्र ही रेषा नसते. तिथे हिरडी सरळ टाळूत मिसळते, कारण दोन्ही एकाच जातीचे.

हिरडी गॉझने कोरडी केली की काहींना तिच्यावर बारीक खळ्या दिसतील, ते स्टिपलिंग. ते सगळ्यांत नसतं आणि नसणं म्हणजे आजार नव्हे. आपल्याकडे हिरडीवर तपकिरी-काळसर पट्टे असणंही अगदी नेहमीचं आहे. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात यात.

टाळू. मान मागे टाका. पुढच्या दोन दातांच्या मागे एक लहान गाठ लागेल, इन्सायझिव्ह पॅपिला. तिच्या मागे आडव्या घड्या, रुगी. या घड्यांची नक्षी प्रत्येक माणसाची वेगळी असते, म्हणून मृतदेहाची ओळख पटवायलाही तिचा उपयोग होतो. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, कढईतून काढलेला गराडू (तळलेला कंद) उतावीळपणे तोंडात टाकला की भाजतं ते नेमकं इथे. जिभेने मध्यरेषेवर दाबून बघा, लगेच हाड लागतं. मग बाजूला, मागच्या दाढांकडे दाबा, थोडं मऊ लागेल. हा फरक लक्षात ठेवा, स्लाइडमध्ये तो परत भेटणार आहे.

मऊ टाळू थोडक्यात: 'आ' करा, पडजिभेच्या आसपासचा जो भाग वर उचलला जातो तो. रंगाने जास्त लालसर, लायनिंग म्यूकोसा.

जिभेखाली. जिभेचं टोक टाळूला लावा. निळ्या शिरा स्पष्ट दिसतील, कारण आवरण फारच पातळ आहे. गालाच्या एपिथेलियमची, म्हणजे आवरणातल्या वरच्या पेशींच्या थराची, जाडी साधारण ५०० मायक्रॉन, तर तोंडाच्या तळाची सुमारे १०० मायक्रॉन. छातीत दुखायला लागल्यावर आजोबांना सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती यामुळेच. पातळ, बिनकेराटिनच्या आवरणातून औषध झपाट्याने रक्तात उतरतं.

जीभ. निळा रंग पाण्यात कालवून कापसाने जिभेच्या पुढच्या भागावर लावा आणि चूळ भरा. बराचसा भाग निळा होईल, पण टोकाकडे आणि कडेला गोल गुलाबी ठिपके तसेच राहतील. ते फंजिफॉर्म पॅपिली (पॅपिली म्हणजे जिभेवरचे बारीक उंचवटे), त्यांच्या माथ्यावर चवीच्या कळ्या असतात. निळं झालेलं दाट आवरण म्हणजे फिलिफॉर्म पॅपिली. संख्येने सर्वात जास्त, केराटिन असलेल्या, आणि त्यांच्यात चवीची एकही कळी नाही. मग जिभेचं टोक गॉझमध्ये धरून बाजूला ओढा. अगदी मागे कडेला उभ्या घड्या दिसतील, त्या फोलिएट पॅपिली. त्यांच्याही मागे, जिभेच्या मुळापाशी, उलट्या व्ही आकारात ८ ते १२ मोठे गोल उंचवटे असतात, सर्कमव्हॅलेट पॅपिली. स्वतःच्या दिसणं अवघड, त्या मित्राच्या बघा.

शाळेत जिभेचा नकाशा शिकवला होता, टोकाला गोड आणि मागे कडू. तो विसरा. पाचही चवी जिभेच्या सगळ्या चव घेणाऱ्या भागांत कळतात.

४. आता मायक्रोस्कोपवर बसा

सुरुवात नेहमी कमी पॉवरवर. मुलं सरळ हाय पॉवर लावतात आणि पेशी मोजत बसतात. कमी पॉवरवर या क्रमाने बघा:

क) वरच्या पृष्ठभागावर केराटिनची गुलाबी पट्टी आहे का?
ख) एपिथेलियम आणि खालच्या लॅमिना प्रोप्रियाची (तोच संयोजी ऊतीचा थर) सीमा कशी आहे? दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवावीत तशी खोल गुंतलेली असेल तर घर्षणाची जागा. सीमा जवळपास सपाट, लहान लाटांची असेल तर ताणाची जागा.
ग) त्याखाली काय आहे: हाड, चरबी, ग्रंथी की स्नायू?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा थेट नावच सांगतं.

हिरडीत रेट पेग्स, म्हणजे एपिथेलियमची खाली शिरलेली बोटं, लांब, अरुंद असतात आणि सबम्यूकोसा, म्हणजे लॅमिना प्रोप्रियाखालचा सैल थर, नसतो. तंतू सरळ हाडाच्या आवरणात शिरतात, याला म्यूकोपेरिऑस्टियम म्हणतात. टाळूची स्लाइड कुठून कापली आहे त्यावर ठरते. मध्यरेषेवर सबम्यूकोसा नाही, पुढच्या बाजूंना चरबी, मागच्या बाजूंना म्यूकस (चिकट लाळेच्या) ग्रंथी. आरशासमोर जिभेने दाबल्यावर मागे मऊ लागलं ते या गाद्यांमुळे. टाळूत इंजेक्शन का दुखतं, हा प्रश्न हमखास विचारतात. घट्ट बांधलेल्या ऊतीत औषधाला पसरायला जागा नसते, हे उत्तर.

ओठाची स्लाइड सगळ्यात सोपी. मध्ये स्नायू, एका बाजूला केसांची मुळं असलेली त्वचा, दुसऱ्या बाजूला ग्रंथी असलेला बिनकेराटिनचा म्यूकोसा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे व्हर्मिलियन. केसाचं मूळ दिसलं की डोळे मिटून ओठ लिहा. गालाच्या स्लाइडमध्ये एपिथेलियम जाड, पेशी फिक्या, खाली बक्सिनेटर या गालाच्या स्नायूचे तंतू.

सर्कमव्हॅलेट पॅपिलाभोवती खंदक असतो. खंदकाच्या भिंतीत, पॅपिलाच्या कडेला, चवीच्या कळ्या फिकट अंडाकृती दिसतात, आणि तळाशी फॉन एब्नर ग्रंथी. या पूर्णपणे सिरस (पातळ लाळेच्या), म्हणून गडद. टाळूच्या ग्रंथी म्यूकस, म्हणून फिकट. हा रंगातला फरक शेजारी शेजारी दोन स्लाइड लावून एकदा तरी बघा.

आता हाय पॉवर. केराटिनच्या पट्टीत बारीक आक्रसलेली केंद्रकं दिसली तर पॅराकेराटिन, अजिबात नसली आणि खाली कणीदार थर ठळक असेल तर ऑर्थोकेराटिन. हिरडीत बहुधा पहिला प्रकार, कडक टाळूत बहुधा दुसरा.

इथे दोन फसव्या गोष्टी आहेत. काप तिरका गेला असेल तर एपिथेलियमच्या मध्येच गुलाबी बेटं दिसतात. तो आजार नाही, गाठ नाही, संयोजी ऊतीचे उंचवटे आडवे कापले गेले आहेत एवढंच. आणि थरांमध्ये पांढरी भेग दिसली तर ती बहुधा स्लाइड बनवताना ऊती आक्रसल्याने पडलेली असते. ती रेकॉर्डमध्ये काढू नका.

५. रेकॉर्ड

पेन्सिलने आधी सीमारेषा काढा, रंग मागाहून. केंद्रकं जांभळी, केराटिन आणि तंतू गुलाबी. बाजूच्या मित्राच्या वहीतून उतरवलेलं चित्र परीक्षक लगेच ओळखतात, कारण सगळ्या वहीत रेट पेग्सची संख्याही सारखी असते. प्रत्येक चित्राखाली तीन ओळखीच्या खुणा लिहा. स्पॉटरमध्ये, म्हणजे लावून ठेवलेली स्लाइड ओळखायच्या परीक्षेत, ओळख आणि कारणं विचारली की त्याच ओळी कामी येतात.

६. व्हायव्हात हटकून पाडणारे प्रश्न

- त्वचेतला स्ट्रेटम ल्युसिडम हा थर तोंडात असतो का? नाही.
- आतड्यात मस्क्युलॅरिस म्यूकोसी हा स्नायूंचा पातळ थर असतो, तोंडात? नाही.
- सगळी हिरडी केराटिनची का? नाही. दाताकडच्या खाचेतलं, म्हणजे सल्कसचं आवरण आणि दोन दातांच्या मधला कोल बिनकेराटिनचा असतो.
- एपिथेलियममधल्या सगळ्या पेशी केराटिनोसाइट, म्हणजे केराटिन बनवणाऱ्या, का? नाही. मेलॅनोसाइट (रंगपेशी), लँगरहान्स आणि मर्केल पेशीही असतात.
- आवरणातल्या जुन्या पेशी जाऊन नव्या यायला किती दिवस? गालाला साधारण २५, हिरडीला ४१ ते ५७. गाल चावला गेला तरी लवकर भरून येतो ते याच वेगामुळे.
- टाळूचा तुकडा घेऊन हिरडीपाशी लावला तर तो केराटिनचाच राहतो का? हो. वर कुठलं एपिथेलियम वाढायचं हे खालची संयोजी ऊती ठरवते. हिरडीच्या ग्राफ्टच्या शस्त्रक्रिया याच आधारावर चालतात.

७. ओपीडीत आधी निरोगी तोंडं बघा

पहिल्या वर्षाला रुग्ण हाताळायचे नसतात, पण सीनिअरच्या मागे उभं राहून बघायला बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. विचारून उभे राहा.

तोंड आलं म्हणून कुणी आलं, किंवा 'मुँह में छाले हैं' म्हणालं, की पहिला प्रश्न जागेचा. वारंवार येणारे साधे छाले, म्हणजे अॅफ्थस अल्सर, बहुतेक वेळा लायनिंग म्यूकोसावर येतात: ओठ, गाल, जिभेखाली. परत परत उठणारी नागीण-जातीची, हर्पिसची फोडं तोंडात सहसा हिरडी आणि कडक टाळूवर येतात. म्हणजे तिसऱ्या पायरीत आरशासमोर जे दोन प्रदेश वेगळे केलेत, तेच इथे निदानाला लागतात.

आणि सुपारी. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या अजून टपरीटपरीवर लटकतात आणि तुमच्या वयाची मुलं त्या खातात. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. तिच्यामुळे गालाच्या लॅमिना प्रोप्रियात कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचत जातं. वर सांगितलेला तोच गाल, जो बोटाने सहज ओढला जात होता, फिका आणि ताठ होतो, बोटाला आतून उभे पट्टे लागतात, तिखट जेवण जळजळतं, आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सामान्यतः माणसाच्या स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी दातांमध्ये मावतात. दोनच मावली तर सीनिअरला लगेच सांगा. इंदूरमध्ये असा गाल तुम्हाला पहिल्याच वर्षी दिसेल, म्हणून निरोगी गाल कसा हलतो हे त्याआधी बोटांना माहीत असायला हवं.

पुडी ज्या खाचेत धरली जाते, खालच्या हिरडी-गालाच्या मध्ये, तिथे आणि जिभेच्या कडेला जास्त वेळ बघा. जिभेच्या मागच्या कडेची फोलिएट पॅपिली दोन्ही बाजूंना सारखी असते. एकाच बाजूला वाढ, कडकपणा किंवा जखम असेल तर ती पॅपिला समजून सोडू नका. पांढरा किंवा लाल चट्टा जो गॉझने पुसून जात नाही, आणि कुठलाही अल्सर जो दोन आठवड्यांत भरत नाही, तो मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. हे रुग्णाला लागू आहे तसंच घरच्यांनाही. पुढच्या सुट्टीत आई-वडील, काका-मावशी सगळ्यांची तोंडं टॉर्च लावून बघा. सरावही होईल.